काचेतला समुद्र : दोन पिता, दोन पुत्र आणि एक पेटी

एखाद्या वस्तूला कोणते नाव मिळाले ह्यावरून ती वस्तू लोकांनी कोणत्या नजरेने पाहिली हे पुष्कळदा कळते. मराठीत आपण 'मत्स्यालय' म्हणतो, म्हणजे माशांचे घर. इंग्रजीत रूढ झालेला 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द माशांविषयी काहीच सांगत नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता गुराढोरांना पाणी पाजण्याची जागा. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी तो पाणवनस्पतींच्या टाकीसाठी वापरला. समुद्रातले जीव काचेत ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला तेव्हा त्या पेटीला 'व्हिव्हेरियम' किंवा 'अ‍ॅक्वा-व्हिव्हेरियम' असे म्हणत. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस ह्यांनी आपल्या पुस्तकाला 'द अ‍ॅक्वेरियम' हे नाव दिले आणि शब्दाचा निकाल लागला. त्या पुस्तकातल्या पेटीत मासे होते, पण नायक मासे नव्हते. नायक होते समुद्रपुष्पे, शैवले, खेकडे, गोगलगायी आणि खडकाला चिकटून राहणारी लहानशी प्रवाळे.

गॉस हे नाव साहित्याच्या अभ्यासकांना दुसऱ्या वाटेने परिचित असते. त्यांचे पुत्र एडमंड गॉस ह्यांचे 'फादर अँड सन' हे १९०७ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक इंग्रजी आत्मचरित्राच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. ते बहुधा श्रद्धा आणि संशय ह्यांच्या झगड्याची कहाणी म्हणून वाचले जाते. कर्मठ पंथातला निसर्गशास्त्रज्ञ बाप, साहित्याकडे ओढला जाणारा मुलगा आणि दोघांमधले प्रेमळ पण न मिटणारे अंतर असा त्याचा सारांश आपण वर्गात सांगतो. बापाच्या खोलीतल्या खाऱ्या पाण्याच्या पेट्या ह्या सारांशात सामानाच्या यादीपुरत्या येतात. आमच्या मते त्या पेट्यांना ह्याहून मोठे स्थान आहे. म्हणून येथे आम्ही त्या पेटीचाच इतिहास मांडू इच्छितो : ती कशी निवडली गेली, कशी मांडली गेली, तिच्यात जीव का तगले आणि तिच्यापायी किनाऱ्यावर काय घडले.

ह्या इतिहासाचा आरंभ दोन स्त्रियांपासून करावा लागतो, आणि दोघींच्या कथेत सुई आहे. झान व्हिलप्रो-पॉवर (१७९४–१८७१) ह्या फ्रान्समधल्या खेड्यातून पॅरिसला येऊन शिवणकाम करू लागल्या. १८१६ मध्ये राजघराण्यातल्या एका विवाहाचा पोशाख त्यांनी शिवला आणि त्यांचे नाव झाले. पुढे लग्नानंतर त्या सिसिलीतल्या मेसिना येथे राहू लागल्या. तेथे त्यांना आर्गोनॉट नावाच्या अष्टपाद प्राण्याचे कोडे पडले. ह्या प्राण्याची मादी कागदासारख्या पातळ शिंपल्यात राहते. तो शिंपला तिचा स्वतःचा की शंखातल्या खेकड्याप्रमाणे दुसऱ्याचा बळकावलेला, ह्याविषयी वाद होता. मेलेल्या नमुन्यांवरून तो सुटणे शक्य नव्हते. १८३०च्या दशकात व्हिलप्रो-पॉवर ह्यांनी काचेच्या पेट्या आणि समुद्रात नांगरून ठेवायचे पिंजरे तयार करवून घेतले, जिवंत आर्गोनॉटवर नजर ठेवली आणि मादी आपला शिंपला स्वतःच घडवते, फुटला तर सांधतेही, हे दाखवून दिले. १८३८ मध्ये त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग घेऊन जाणारे जहाज बुडाले. वस्तू गेल्या, पद्धत राहिली. तोवर जीवशास्त्र मुख्यतः मृताचे शास्त्र होते. जिवंत प्राण्याला काळ देऊन पाहता येते, हे काचेच्या पेटीने शिकवले.

दुसऱ्या स्त्रीचे नाव अ‍ॅना थिन (१८०६–१८६६). वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या एका धर्माधिकाऱ्याच्या ह्या पत्नी. १८४६ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथे त्यांना खडकाला चिकटलेली लहान दगडी प्रवाळे दिसली आणि त्यांनी ती जिवंतपणी लंडनला न्यायचे ठरवले. प्रवासात ती एकमेकांवर आपटून फुटू नयेत म्हणून सुईदोऱ्याने ती एका स्पंजावर टाचून घेतली आणि समुद्राच्या पाण्याच्या बरणीत ठेवली. लंडनमध्ये प्रश्न पाण्याचा आला. समुद्र दूर, पाणी रोज बदलता येणे शक्य नव्हते. उपाय असा निघाला की बरणीतले पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वरून ओतायचे, पुन्हा परत ओतायचे, आणि हे रोज अर्धा-पाऊण तास करायचे, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. हे काम घरातली मोलकरीण करी. आजच्या पेटीत विजेचा पंप जे करतो ते तेव्हा एका मुलीचे दंड करीत होते, आणि इतिहासात ती केवळ 'मोलकरीण' म्हणून उरली आहे. पुढल्या वर्षी थिन ह्यांनी बरणीत समुद्रशैवल घातले. वनस्पती प्राणवायू देते हे ज्ञान त्या काळी नवे नव्हते. इंगेनहाउस ह्यांनी १७७९ मध्येच ते प्रयोगाने दाखवले होते. शैवलाने मोलकरणीचे कष्ट बरेच हलके केले आणि बरणीतल्या प्रवाळांना पिलेही झाली. थिन ह्यांचा वृत्तान्त छापून आला तो मात्र १८५९ मध्ये, गॉस ह्यांच्या टिपणांसह. तोपर्यंत पेटीचे श्रेय पुरुषांमध्ये वाटून झाले होते.

येथे एक बारकावा नोंदवण्याजोगा आहे. थिन ह्यांनी नेली ती थंड पाण्यातली एकेकटी वाढणारी प्रवाळे होती. उष्ण समुद्रात भित्ती उभारणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवले राहतात आणि उन्हाच्या बळावर यजमानाला अन्न पुरवतात. त्या शैवलांना कार्ल ब्रांट ह्यांनी १८८१ मध्ये 'झूझँथेला' हे नाव दिले. टॉर्कीच्या प्रवाळात असा भाडेकरू नसतो. ते पाण्यातून आलेले भक्ष्य पकडून जगते, त्याला उन्हाची गरज नाही. लंडनच्या धुरकट खिडकीत ते तगले ह्याचे कारण हेच. थिन ह्यांनी लक्षद्वीपचे किंवा कच्छच्या आखातातले प्रवाळ आणले असते तर सगळी निष्ठा, शैवल आणि मोलकरीण असूनही ते काही आठवड्यांत पांढरे पडून मेले असते. इतिहासात पहिले पाऊल यशस्वी होते त्यामागे पुष्कळदा असा अनवधानाने झालेला योग्य प्रवेश असतो.

पेटीला सिद्धान्त दिला तो रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–१८६७) ह्या लंडनमधल्या रसायनशास्त्रज्ञाने. त्याच्या आधी नॅथॅनिएल वॉर्ड ह्या वैद्याने १८२९ मध्ये बंद बाटलीत आपोआप रुजलेले नेचे पाहून काचेच्या बंद पेटीत झाडे वाढवण्याची युक्ती काढली होती. ह्या 'वॉर्डच्या पेट्यां'तूनच पुढे चीनमधली चहाची रोपे भारतात आली, हे आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे. वॉरिंग्टन ह्यांनी पाण्याची पेटी घेतली. तिच्यात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. काही काळ सर्व ठीक चालले. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी डबक्यातल्या गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजके खाल्ले, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि पाणी निवळले. मासा श्वासाने जे सोडतो ते वनस्पती घेते, वनस्पती जे सोडते ते मासा घेतो आणि उरलेले झाडून काढायला गोगलगाय आहे, असे हे त्रिकूट १८५० मध्ये त्यांनी केमिकल सोसायटीपुढे मांडले. ह्यालाच पुढे पेटीचा 'समतोल' म्हणू लागले. व्हिक्टोरियाकालीन वाचकाला ह्या समतोलात केवळ रसायन दिसले नाही. ईश्वराने जग किती काटेकोर हिशेबाने रचले आहे ह्याचा दिवाणखान्यात ठेवता येणारा पुरावा दिसला.

१८४५ मध्ये इंग्लंडमधला काचेवरचा कर रद्द झाला होता आणि काच स्वस्त झाली होती. आगगाडीने समुद्राचे पाणी आणि जिवंत जीव एका दिवसात लंडनला पोचू लागले होते. मध्यमवर्गाला सुटीत किनाऱ्यावर जाण्याची चटक लागली होती. वॉरिंग्टनचा समतोल ह्या तीन गोष्टींच्या संगमावर येऊन पडला. मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडले. तिथल्या पेट्यांसाठी समुद्री जीव पुरवणाऱ्यांत गॉस होते. पाठोपाठ त्यांचे 'द अ‍ॅक्वेरियम' आले, त्यातली रंगीत शिळाछापाची चित्रे घरोघर गेली, आणि १८५५ मध्ये त्यांनी घरी पेटी मांडू इच्छिणाऱ्यांसाठी छोटी मार्गदर्शिका काढली.

गॉस ह्यांची शिकवण आजही जुनी वाटत नाही. पेटीत आधी खडक आणि शैवल. पाण्याला काही दिवस द्यावेत, मग प्राणी. प्राणी थोडे. मेलेला जीव तत्काळ बाहेर. प्रकाश हवा, पण उन्हाचा ताप नको. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्यांनी १८५४ मध्ये कृत्रिम समुद्रजलाची कृती प्रसिद्ध केली : साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड, हे चार क्षार ठरलेल्या प्रमाणात गोड्या पाण्यात. समुद्रपुष्पांना ते पुरले. पण त्या चार क्षारांत चुना नव्हता, आणि प्रवाळ आपला सांगाडा चुन्याचाच बांधते. आज लहान प्रवाळपेटी राखणारा माणूस लिटरमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे की नाही हे वारंवार तपासतो.

लहान पेटी निवडणे म्हणजे सोपी पेटी निवडणे असा समज तेव्हाही होता, आजही आहे. हिशेब उलटा आहे. चाळीस लिटरच्या पेटीतून एक लिटर पाणी उडून गेले की मीठ मागेच राहते आणि खारेपणा हजारी ३५ वरून जवळजवळ ३६ वर जातो. चारशे लिटरच्या पेटीत तेवढ्याच पाण्याने जाणवण्याजोगा फरक पडत नाही. लहान पेटी दुपारी लवकर तापते, रात्री लवकर निवते, आणि एका गोगलगायीच्या मरणाने तिचे सगळे पाणी बिघडू शकते. म्हणून उडालेले पाणी भरताना खारे न घालता गोडे घालायचे, हा अगदी पहिला नियम. समुद्राला जो स्थैर्याचा गुण केवळ आकाराने मिळाला आहे, तो लहान पेटीत राखणाऱ्याला रोजच्या लक्षाने भरून काढावा लागतो.

आता समतोलाच्या सिद्धान्ताकडे पुन्हा वळू, कारण त्यात एक मोठे भोक होते. मासा, वनस्पती, गोगलगाय एवढे ठेवूनही पुष्कळ पेट्या पहिल्या काही आठवड्यांतच नासत आणि काही तशाच मांडलेल्या पेट्या वर्षानुवर्षे चालत. प्राण्यांच्या मलमूत्रातून अमोनिया बनतो आणि तो विषारी असतो. त्याचे काय होते हे वॉरिंग्टन ह्यांच्या त्रिकुटात कोठेच नव्हते. त्याचे उत्तर शोधणाऱ्यांत त्यांचाच मुलगा होता. ह्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन (१८३८–१९०७). बापाने मासे आणि गोगलगायींचा प्रयोग मांडला तेव्हा तो बारा वर्षांचा होता. पुढे तो रोथमस्टेडच्या शेतकी प्रयोगकेंद्रात काम करू लागला. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्स ह्यांनी अमोनियाचे नायट्रेट होण्यामागे सजीवांचा हात आहे असे दाखवले. वॉरिंग्टन ह्यांनी पुढची दहाबारा वर्षे ह्याच प्रश्नाला दिली आणि ही क्रिया दोन टप्प्यांत होते, आधी नायट्राइट व मग नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांचे कर्ते वेगवेगळे जीव आहेत, हे सिद्ध केले. ते जीव वेगळे काढणे त्यांना साधले नाही. ते १८९०च्या सुमारास सर्गेई व्हिनोग्राडस्की ह्यांनी केले. मुलाने हे काम शेतातल्या मातीसाठी केले होते. पण त्याने शोधलेले जंतू बापाच्या पेटीतल्या वाळूवर आणि खडकांवर त्या सगळ्या वर्षांत गुपचूप काम करीत होते. पेटी तगली ती तीन दिसणाऱ्या जिवांमुळे जितकी, तितकीच ह्या न दिसणाऱ्या चौथ्यामुळे.

आज नवी खाऱ्या पाण्याची पेटी मांडणाऱ्याला पहिली सूचना मिळते ती ह्याच शोधातून : चार ते सहा आठवडे थांबा. ह्या काळात आधी अमोनिया चढतो व उतरतो, मग नायट्राइट चढतो व उतरतो, शेवटी नायट्रेट दिसू लागतो. दोन्ही विषे शून्यावर आली की पहिला जीव सोडायचा. पेटी रिकामी दिसते, पण तिच्यात एक वस्ती वसत असते. आमचा अनुभव असा की अधीर विद्यार्थ्याला चांगल्या निबंधाची घडण समजावून सांगताना ह्या रिकाम्या पेटीइतके उपयोगी उदाहरण दुसरे सापडत नाही.

आणि येथेच गॉस ह्यांच्या सर्वांत बदनाम पुस्तकाचा वेगळा अर्थ लागतो असे आम्हांस वाटते. १८५७च्या आरंभी त्यांची पत्नी एमिली कर्करोगाने वारली. त्याच वर्षी त्यांनी 'ओम्फॅलॉस' प्रसिद्ध केले. भूशास्त्राने पृथ्वीचे वय प्रचंड ठरवले होते, बायबल तर सहा दिवसांत सृष्टी झाल्याचे सांगते; ह्यातून त्यांनी काढलेली वाट अशी की जीवन हे एक वर्तुळ आहे, बी आणि झाड, अंडे आणि कोंबडी; वर्तुळाला आरंभबिंदू नसतो. म्हणून ईश्वराने सृष्टी निर्मिली तेव्हा त्याला त्या वर्तुळात मध्येच कोठेतरी शिरावे लागले, आणि निर्मिलेल्या प्रत्येक वस्तूवर न घडलेल्या भूतकाळाच्या खुणा आपोआप आल्या. पहिल्या झाडाला वर्षांची कडी होती, पहिल्या माणसाला बेंबी होती. शास्त्रज्ञांनी हे हास्यास्पद ठरवले आणि श्रद्धाळूंनाही हे पटले नाही, कारण ह्यात ईश्वर खोटे पुरावे पेरणारा ठरत होता. 'फादर अँड सन'मध्ये ह्या पराभवाचे वर्णन आहे.

आमच्या वाचनात 'ओम्फॅलॉस' हे पेटी मांडणाऱ्या माणसाचे धर्मशास्त्र आहे. रिकाम्या काचेत खडक, शैवल, प्राणी ह्यांचे आधीच फिरत असलेले वर्तुळ एका सकाळी उचलून ठेवायचे, हे काम गॉस कित्येक वर्षे स्वतःच्या हातांनी करीत होते. ईश्वराने जे केले असे त्यांना वाटले ते त्यांनी प्रत्येक बरणीपाशी लहान प्रमाणात केलेले होते. फरक इतकाच की पेटीत हे साधत नाही. वर्तुळात मध्येच शिरता येत नाही, ह्याचाच तर पुरावा त्या नासणाऱ्या पेट्या होत्या. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा काळ प्रत्यक्ष जावाच लागतो. गॉस ह्यांच्या सिद्धान्ताला उत्तर देणारे जंतू त्यांच्याच पेटीत होते, फक्त ते ओळखायला आणखी तीसेक वर्षे लागायची होती.

ह्या पेटीमुळे साहित्यात काय शिरले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एकच नोंद करतो. १८५६च्या उन्हाळ्यात जॉर्ज हेन्री लुइस आणि मेरी अ‍ॅन इव्हान्स डेव्हनमधल्या इल्फ्राकूम येथे खडकांतल्या डबक्यांत समुद्रपुष्पे शोधत होते. लुइस ह्यांचे 'सी-साइड स्टडीज' त्यातून निघाले. त्याच उन्हाळ्यात इव्हान्स ह्यांचा जर्मन लोकजीवनावरील लेख 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू'त आला. सामान्य माणसाचे चित्रण आदर्शाप्रमाणे न करता तो आहे तसे करावे असा त्याचा आग्रह होता. आणि शरदात त्यांनी पहिली कथा लिहायला घेतली; पुढे 'जॉर्ज एलियट' ह्या नावाने त्या वाचकांपुढे आल्या. डबक्यातून थेट कादंबरी निघाली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण लहान, स्थिर, सामान्य दिसणाऱ्या जिवाकडे त्याच्या परिसरासह पुष्कळ वेळ पाहत राहण्याची सवय त्या वर्षी दोन्ही कामांना लागत होती, एवढे निश्चित म्हणता येते.

गॉस, लुइस आणि 'ग्लॉकस'चे लेखक चार्ल्स किंग्झली ह्यांच्या पुस्तकांनी हजारो माणसे हातोडी, छिन्नी आणि बरण्या घेऊन किनाऱ्यावर उतरवली. 'फादर अँड सन'मधले सर्वांत दुःखद पान आमच्या मते श्रद्धेविषयी नाही. ते ह्या डबक्यांविषयी आहे. लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली, कोणाचा हात न लागलेली, काठोकाठ जिवांनी भरलेली ती खडकांतली कुंडे पुढे उरली नाहीत असे एडमंड सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ते सौंदर्य अजाण उत्साहाने ओरबाडले गेले, आणि त्या उत्साहाला चेतवणारी पुस्तके वडिलांचीच होती. वडिलांना हे कळले तेव्हा त्यांना मोठी वेदना झाली, असेही पुत्राने लिहून ठेवले आहे. समुद्रातले ईश्वरी कौशल्य लोकांनी पाहावे एवढीच त्यांची इच्छा होती, आणि लोकांनी पाहिले म्हणूनच ते गेले.

दोन बापलेकांच्या जोड्या येथे समोरासमोर येतात. एका मुलाने बापाच्या नजरेतून सुटलेले जंतू शोधून दिले. दुसऱ्याने बापाच्या हातून गमावलेला किनारा शब्दांत जपला. पेटीच्या इतिहासाला दोन्ही कामांची गरज होती, पण साहित्याच्या वर्गात आपण दुसऱ्याचेच नाव घेतो आणि विज्ञानाच्या वर्गात बहुधा दोघांचेही घेतले जात नाही.

पुढचा भाग थोडक्यात. १८६०च्या दशकात घरगुती पेटीची हौस ओसरली आणि सार्वजनिक मत्स्यालये उभी राहिली. विल्यम अल्फर्ड लॉइड ह्यांनी १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जमिनीखाली अंधारात मोठा हौद ठेवून त्यातले पाणी वरच्या पेट्यांतून सतत फिरवले. लहान पेटीला मोठ्या पाण्याचे स्थैर्य उसने देण्याची ही युक्ती आजही प्रत्येक चांगल्या पेटीच्या तळाशी असते. उष्ण कटिबंधातले प्रवाळ मात्र काचेत जगवणे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फारसे कोणाला साधले नाही. ते साधले जकार्तामध्ये. १९६१ साली ली चिन एंग ह्यांनी एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत सांगितली : समुद्राचेच पाणी, ऊन, हवेचे बारीक बुडबुडे आणि समुद्रातून आणलेले, जिवांनी भरलेले दगड. यंत्रे जवळजवळ नाहीत. हे 'जिवंत दगड' म्हणजे भूतकाळ सोबत घेऊन येणारी वसाहत. वॉरिंग्टन पुत्राचे जंतू त्यांच्या सांदीसांदीत आधीच राहत असतात. गॉस ह्यांना हवा असलेला तयार भूतकाळ पेटीत घालण्याचा मार्ग सापडला तो असा, पण तो भूतकाळ कोणत्या तरी खऱ्या प्रवाळभित्तीतून उचलून आणावा लागत होता. किनारा ओरबाडण्याचा प्रश्न डेव्हनहून इंडोनेशियाला गेला, एवढेच.

आपल्याकडे ह्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हवर समुद्रासमोर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले तेव्हा असा कायदा नव्हता. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत भित्ती उभारणारी प्रवाळे, काळी प्रवाळे, समुद्रपंखे इत्यादींचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण आहे तेच प्रवाळाला मिळाले. भारताच्या समुद्रातून प्रवाळ काढणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे, आणि 'जिवंत दगड' म्हणून विकला जाणारा तुकडाही बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो. मालवणच्या सागरी अभयारण्यात (१९८७) सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळे आहेत. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला, कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेल्या आंग्रिया बँकेवरही ती आहेत. तेथून बरणीत काही आणायचे नाही. टॉर्कीला अ‍ॅना थिन ह्यांनी जे केले ते मालवणात करता येत नाही, आणि येऊ नये.

तरीही पेटीचा इतिहास केवळ लुटीचा इतिहास म्हणून संपत नाही. आंब्याचे कलम करावे तसे पेटीत वाढलेल्या प्रवाळाचा तुकडा तोडून दगडावर चिकटवला की नवी वसाहत वाढते. त्यामुळे अनेक देशांत आता समुद्राला हात न लावता पेट्या भरता येतात. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने २०१२ पासून चालवलेल्या प्रकल्पात पाण्याचे तापमान, दिवसाची लांबी आणि चंद्रप्रकाशसुद्धा कृत्रिमपणे मांडून प्रवाळांना ठरल्या वेळी अंडी सोडायला लावले. लॉइड ह्यांचे क्रिस्टल पॅलेस जेथे उभे होते ती जागा तेथून जवळच आहे. २०२३च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचा समुद्र अतोनात तापला तेव्हा शास्त्रज्ञांनी प्रवाळांचे नमुने समुद्रातून काढून जमिनीवरच्या टाक्यांत हलवले, कारण त्या क्षणी समुद्रापेक्षा टाकी सुरक्षित होती. एप्रिल २०२४ मध्ये प्रवाळांच्या चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा झाली. ज्या पेटीमुळे एके काळी किनारा रिता झाला, तिच्याकडेच आता बियाण्याची कोठी म्हणून पाहावे लागत आहे. ह्यात गॉस ह्यांचे समर्थन शोधू नये. डेव्हनची डबकी कोणत्याही टाकीतून परत आलेली नाहीत.

अध्यापक म्हणून आमची सूचना साधी आहे. 'फादर अँड सन' शिकवताना अ‍ॅना थिन ह्यांची बरणी आणि दोघा वॉरिंग्टनांची कथा सोबत सांगावी. पुस्तकातला बाप मग केवळ हट्टी श्रद्धाळू राहत नाही, जे प्रिय ते पाहता पाहता हातून निसटलेला माणूस म्हणून दिसू लागतो. आणि एखाद्या विद्यार्थ्याला पेटीची ओढ लागलीच तर त्याने गोड्या पाण्याची पेटी मांडावी : थोडी व्हॅलिस्नेरिया, दोन-चार गोगलगायी, आणि मासा सोडण्याआधी महिनाभर धीर. समुद्र पाहायचा असेल तर ओहोटीची वेळ विचारून कोकणच्या खडकांवर जावे, डबक्याशी बसावे आणि रिकाम्या हाताने परत यावे.